माग शिवेपाशी थांबला

आमच्या वाड्याच्या परसात तीन घमेली पालथी घातलेली होती. वैशाखातली सकाळ, साल १९६७. मी आठ वर्षांची होते. एक घमेलं उचलून बघायला वाकले, तर आबांनी मनगट धरलं. "हात लावू नगंस पोरी. चोराचा पाय हाय त्याच्याखाली."

कऱ्हेकाठचं आमचं गाव, सासवड आणि जेजुरीच्या मधलं. आदल्या रात्री घरातले बहुतेक सगळे एका लग्नाला गेले होते. पुढचा दरवाजा दणकट होता, आतून सागवानी आडणा लावला की दोन बैलांनाही हलला नसता. चोरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जोत्याच्या दगडावरची पांढऱ्या मातीची भिंत मागून पहारीनं फोडली आणि ते कोठीच्या खोलीत उतरले. तिथलं बळद मोकळं केलं. बळद म्हणजे दुहेरी भिंतीतली धान्याची पोकळी. वरून धान्य ओतायचं, खालच्या भोकाचा बोळा काढला की ते बाहेर येतं. आमच्या बळदात जोंधळ्याच्या तळाशी एक तांब्याचा गडू होता आणि त्यात आजीचे दागिने होते. सकाळी खोलीभर जोंधळा पसरलेला होता आणि गडू रिकामा पडला होता.

आबा गावचे रामोशी. मोठी माणसं त्यांना नाईक म्हणत, आम्ही मुलं आबा. रात्री हाळी देत गावातून फिरायचे. चोरी कळल्यावर ते प्रथम घरात गेलेच नाहीत. परसात आले, गुरं सोडू नका म्हणून सांगितलं, जिथं पाऊल स्वच्छ उमटलं होतं तिथं घमेली पालथी घातली आणि मग कडब्याची एक काडी घेऊन बसले. टाचेपासून अंगठ्यापर्यंत काडी धरली, तेवढी मोडली, कानावर खोवली. दुसऱ्या पावलासाठी दुसरी काडी. आजी दारात उभी होती.

"नाईक, काय दिसतंय?"

"दोघं हायती वैनी. एकाची डाव्या पायाची करंगळी भुईला टेकत न्हाई. दुसरा येताना हलका आलाय, जाताना टाच रुतलीय."

मग ते निघाले. मागून वडील, चुलते आणि त्यांच्या मागून, नको म्हटलं तरी, आम्ही पोरं. कऱ्हेच्या कोरड्या वाळूत माग उघड दिसत होता. पुढं खडक लागला आणि तो बुडाला. आबांनी खडकाभोवती मोठं रिंगण घेतलं, खाली मान घालून, एक शब्द न बोलता. पलीकडच्या नांगरटीत करंगळी न टेकणारा पाय पुन्हा सापडला. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी पुढं फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं. आपलं काम नेमकं येत असल्याचं ते समाधान होतं.

शिवेवर शेंदूर लावलेला दगड होता. आबा त्याच्यापाशी थांबले. माग तर सरळ पुढच्या गावाच्या रानात शिरत होता. वडील म्हणाले, "चला की नाईक." आबा हलले नाहीत. "माझी शीव हितं सरली," एवढंच बोलले. मग हात तोंडाशी धरून त्यांनी पलीकडच्या गावाच्या दिशेनं हाळी दिली. तीनदा दिली. बऱ्याच वेळानं एक गुराखी पोरगा आला. त्याच्या गावचा म्हातारा रामोशी दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि त्याची मुलं पुण्यात कामाला होती. माग हवाली करून घ्यायला कोणी नव्हतं. आबांनी शेवटच्या पावलाभोवती दगडांचं कडं केलं, कानावरच्या दोन काड्या त्यात ठेवल्या आणि आम्ही परतलो. वडील तिथूनच सायकलवर पोलिसांकडे गेले. पोलीस आले तोवर त्या रानातून दोन कळप जाऊन आले होते.

आबा पुढं का गेले नाहीत, हे मला कित्येक वर्षं कळलं नाही. घाबरले, असं मला वाटत असे. पुण्यात इतिहासात एम. ए. करताना, ७९-८० साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा अहवाल हातात आला आणि एका दुपारी वाचनालयात बसल्या बसल्या तो शेंदरी दगड माझ्यापुढं उभा राहिला.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर होता आणि जिंकलेल्या मुलखात आधी कारभार कसा चालत होता याचा अहवाल त्यानं १८१९ मध्ये लिहिला. त्यात गावच्या बंदोबस्ताची व्यवस्था सांगितली आहे. जबाबदारी पाटलाची, आणि त्याच्या हाताखाली रखवालदार. कुठं महार, कुठं रामोशी, खानदेशाकडे भिल्ल. रखवालदारानं रात्री पहारा करायचा, गावात कोण आलं कोण गेलं ते ध्यानात ठेवायचं, गावातल्या माणसामाणसाची चाल त्याला ठाऊक हवी. चोरी झाली की चोर शोधणं त्याचं काम. चोराच्या पावलांचा माग त्यानं दुसऱ्या गावच्या हद्दीत नेऊन तिथल्या रखवालदाराला दाखवून दिला, की त्याची सुटका. पुढचा शोध त्या गावानं घ्यायचा. असा माग गावागावांतून पुढं जायचा आणि ज्या गावात तो मरायचा, त्या गावाला चोरीचा माल भरून द्यावा लागायचा. आधी रखवालदारानं आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचं, उरलेलं साऱ्या गावावर बसायचं.

म्हणजे आबा शिवेवर थांबले ते भीतीनं नव्हे. चोरीचं ओझं एका गावाच्या खांद्यावरून दुसऱ्या गावाच्या खांद्यावर जायचं ते याच दगडापाशी. परवानगीवाचून दुसऱ्याच्या हद्दीत शिरलं तर मागच मोडला असता; हवाली करून घेणारा साक्षीदार नसेल तर तो माग पोचला असं म्हणायचं कुणी? त्यांनी हाळी दिली ती वाडवडिलांकडून आलेल्या रीतीप्रमाणे. तिला उत्तर द्यायला पलीकडे कोणी उरलं नव्हतं, एवढाच फरक पडला होता.

ही रीत पेशवाईचीही नाही, फार जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ती सरळ येते. गावातून चोराचं पाऊल बाहेर गेलेलं दिसत नसेल तर दोष गावाच्या प्रमुखाकडे, आणि पाऊल ज्या गावात जाईल त्या गावानं भरून द्यायचं. त्याच स्मृतीत आणखी एक नियम आहे, चोरीला गेलेलं धन राजानं प्रजेला द्यावं असा. या स्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वरानं चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, लिहिली. कौटिलीय अर्थशास्त्रात तर दोन गावांच्या मधल्या रानात व्यापाऱ्याचा माल गेला तर तो कोणत्या अधिकाऱ्यानं भरायचा, हेही ठरवून दिलेलं आहे: गावात ग्रामप्रमुख, कुरणाच्या पट्ट्यात कुरणांवरचा अधिकारी, त्यापलीकडे चोर पकडण्यासाठी नेमलेला चोररज्जुक. कुठलीही जमीन बेवारस सोडलेली नाही. हे वाचताना माझ्या मनात एकच गोष्ट ठसली. या सगळ्या व्यवस्थेचा पहिला प्रश्न 'चोर कोण' हा नाही. 'तूट कोण भरणार' हा आहे.

आता हे सुखाचं चित्र मानण्याची चूक मी करणार नाही. एल्फिन्स्टननंच लिहून ठेवलं आहे की ही भरपाई उघड अन्यायाची होती. गावाला चोरी टाळता आली नसती आणि रक्कम भरण्याची ऐपतही नसे. म्हणून पुरती वसुली क्वचितच होई, बहुधा दंडावर भागे. पण हयगय केलेल्या किंवा चोराला सामील झालेल्या पाटलाचं किंवा रखवालदाराचं इनाम काढून जवळच्या नातलगाला देत, बेड्या घालत, फटके मारत. त्यात सगळ्यांत खाली होता तो माणूस, ज्याच्या घरात चोरून नेण्यासारखं काही नव्हतं. जन्मानं गळ्यात पडलेलं काम, बदल्यात सुगीत खळ्यावर मिळणारं मूठपसा बलुतं आणि इनामाचा एखादा तुकडा. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं, ते महार वतनदारांच्या याच कोंडीतून. त्या बलुत्यावर पिढ्यान् पिढ्या राबलेल्या माणसांना ती व्यवस्था गेल्याचं दुःख झालं नसेल तर ते मला पूर्ण पटतं.

पण ती गेली कशी, तेही पाहायला हवं. पुरंदरच्या आमच्या मुलखाला ते सांगायला नको. गडाच्या नि गावांच्या रखवालीचे रामोशांचे हक्क पेशवाईच्या अखेरीस आणि इंग्रजी आमदानीत काढून घेतले गेले आणि भिवडीच्या उमाजी नाईकांचं बंड त्यातून उभं राहिलं. इंग्रजांनी त्यांना मध्ये एकदा माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावरही घेतलं होतं. १८३१ च्या डिसेंबरात ते पकडले गेले आणि पुण्यात फासावर गेले. त्या मोहिमेतला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यानं १८३३ मध्ये रामोशांवर अख्खं पुस्तक लिहिलं. ज्यांच्याकडे मुलखाच्या रात्री सोपवलेल्या होत्या, त्यांच्याकडे सरकार आता संशयानं पाहू लागलं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यापर्यंत पोचला, आणि १९५२ च्या ऑगस्टअखेर तो रद्द झाला. रामोशी आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. आबांनी तरुणपणी चावडीवर रात्रीची हजेरी दिलेली होती. हजेरी देऊन झाली की ते त्याच गावाच्या रखवालीला निघत. हे त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं, मला नाही. वडिलांनी सांगताना आवाज खाली आणला होता.

१८६२ च्या आरंभी भारतीय दंडसंहिता लागू झाली, १८६७ मध्ये मुंबई इलाख्याचा ग्रामपोलीस कायदा आला. चोरी हा आता सरकारविरुद्धचा गुन्हा झाला. चोर पकडायचा पोलिसांनी, शिक्षा द्यायची कोर्टानं. यात न्याय जास्त आहे, हे मी मानते. ज्यानं चोरी केली नाही त्याच्याकडून भरपाई घेणं बंद झालं, ते झालंच पाहिजे होतं. मात्र तूट कोण भरणार, हा जुना प्रश्न कुणी उत्तर न देताच कागदावरून उतरला. ती तूट ज्याच्या घरात चोरी झाली त्याच्याकडे राहिली. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाववतनं नष्ट झाली, तेव्हा आबांचं वतनही गेलं. पुढंही कित्येक वर्षं ते रात्रीची हाळी देत फिरत होते ते कुठल्याच कागदाच्या आधारावर नव्हे.

गावाची हमी सैल होत गेली तशी घराची कुलपं घट्ट होत गेली. जुन्या घरात ऐवज सांभाळायची रीत लपवण्याची होती. बळद, जमिनीतलं पेव, देवघराच्या फरशीखालचा हंडा, चुलीमागचा कोनाडा. जागा घरातल्या एकदोघांनाच माहीत, आणि ती माणसं अचानक गेली की घराला स्वतःच्याच धनाचा पत्ता लागत नसे. कुलूप होतंच; हा शब्द अरबीतून आला, आणि त्याच्याबरोबरची चावी पोर्तुगीजांकडून. पण गावातल्या घराला दिवसा कुलूप घालणं म्हणजे शेजाऱ्यावर संशय घेणं, असं माझी आजी मानायची. १८९७ मध्ये अर्देशर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपं करायला सुरुवात केली आणि पुढं काही वर्षांतच तिजोऱ्या. शहरात शेजारी अनोळखी असतो. तिथं कुलूपच विश्वासाचं. चोरीनंतर चारच महिन्यांत आमच्याही घरात लोखंडी कपाट आलं, बळदाची भोकं सिमेंटनं बुजवली गेली. आजी त्या कपाटाची किल्ली कमरेला लावायची आणि रात्री दोनदोनदा उठून हात लावून बघायची. बळदात गडू होता तेव्हा ती कधी उठत नव्हती.

आजीनं एक गोष्ट मात्र अशी केली होती की तिच्यामुळेच जे काही परत आलं ते आलं. तिच्याकडे पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही होती. तिला ती 'याद' म्हणायची. प्रत्येक दागिन्याचं वजन, कुठल्या साली केला, कुणाच्या लग्नात घातला, कुठं डाग दिला, सगळं त्यात. पाटल्या ६ तोळे. मोहनमाळ ४ तोळे. ठुशी २ तोळे. नथीपुढं लिहिलं होतं: सात मोती, पैकी एक चपटा.

चोर सात महिन्यांनी दुसऱ्याच जिल्ह्यात दुसऱ्याच गुन्ह्यात सापडले. आमचा ऐवज तोवर वितळला होता. पोलिसांनी जप्त केली ती लगड, आणि एक नथ, जी वितळवून फारसं काही मिळत नाही म्हणून तशीच राहिली होती. नथ ओळखायला आजीला बोलावलं. पंचांसमोर पाटावर पाच-सहा नथी मांडल्या होत्या. तिनं एकही हातात घेतली नाही. चष्मा लावून वाकली आणि चपट्या मोत्यावर बोट ठेवलं. मग पिशवीतून याद काढून फौजदारापुढं उघडली. त्यांनी ती पानं उतरवून घेतली. लगडीला खूण नसते. तिच्याबाबत चोरांचा जबाब आणि यादीतलं वजन एवढाच आधार होता, आणि त्या वहीनं तो तोलला.

त्यानंतर मुद्देमाल म्हणून तो ऐवज कोर्टात गेला आणि राहिला. मुद्देमाल हा शब्द मी तेव्हा रोज ऐकायचे. माझ्या डोक्यात तो एखाद्या गावाचं नाव असल्यासारखा बसला होता, जिथं आजीचे दागिने राहायला गेले आहेत. तारखा पडल्या, खटला संपला, अपिलाची मुदत संपली. १९७१ च्या जानेवारीत वडील आणि आजी जाऊन ते घेऊन आले. पांढऱ्या कापडाची पुडी, शिवलेली, लाखेची सीलं, गुन्ह्याचा नंबर आणि दोन पंचांच्या सह्या. कागदावर वजन ग्रॅममध्ये होतं, साठाच्या थोडं वर. आजीनं घरी येऊन मासे-गुंजांत हिशेब केला: ५ तोळे २ मासे. घरात लगड ठेवायला १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं बंदी होती, म्हणून महिन्याभरात तिच्या साध्या बांगड्या करून घेतल्या. त्यातल्या दोन आज माझ्या हातात आहेत. त्यांच्यात पाटल्या किती आणि मोहनमाळ किती, हे कोणी सांगू शकत नाही.

चोरीचा माल सापडूनही घरी यायला वर्षं लागतात, ही तक्रार आमच्या एका घरची नव्हती. २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दागिन्यांसारख्या वस्तूंचा सविस्तर पंचनामा करा, फोटो काढा, मालकाकडून हमीपत्र घ्या आणि वस्तू परत द्या. पंधरा दिवस ते महिनाभराहून जास्त काळ ती अडकवून ठेवण्याचं कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये आता मुदतीच घातल्या आहेत: वस्तू कोर्टापुढं आल्यापासून १४ दिवसांत तिचं वर्णनपत्र, फोटो किंवा चित्रीकरण, आणि त्यानंतर ३० दिवसांत तिच्याबद्दलचा हुकूम. मी हे वाचलं तेव्हा आजीची याद काढून बसले. वर्णन, वजन, खूण. तिनं ते शाईनं, मोडक्या बाळबोध अक्षरात केलं होतं. मुलींना, सुनांना मी आजही हेच सांगते: कपाट कितीही चांगलं घ्या, पण आत काय आहे ते लिहून ठेवा, फोटो काढून ठेवा आणि ती वही त्या कपाटात ठेवू नका.

चोरीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली एक गोष्ट मात्र माझ्याकडून सुटली होती. एल्फिन्स्टनच्या त्या ओळीपाशी, रखवालदारानं आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचं या ओळीपाशी, ती मला आठवली आणि वाचनालयात मी पुस्तक मिटून ठेवलं.

भर दुपारी आबा एक शेळी घेऊन आले होते. गाभण, काळी, कपाळावर पांढरा टिळा. अंगणातल्या खुंट्याला त्यांनी ती बांधली आणि पायरीखाली उभे राहिले. आजी बाहेर आली. आम्हा मुलांना वाटलं, शेळी विकायला आणली.

"हे काय नाईक?"

"ऱ्हाऊ द्या वैनी. माज्या राखणीत गेलंय."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग पायऱ्या उतरून खाली आली, जे ती एरवी कधी करत नसे. शेळीचं दावं सोडलं आणि आबांच्या हातात दिलं. आबांनी ते धरलं नाही. दावं दोघांच्या मध्ये मातीत पडलं. शेवटी आजी म्हणाली, "व्याली की पहिलं दूध माझ्या नातीला आणून द्या. फिटलं." तेव्हा कुठं ते वाकले.

दूध आलं. मी प्यायले, आणि त्याला वास येतो म्हणून तोंड वाकडं केल्याचंही मला आठवतं.

याद माझ्याकडे आहे. गेलेल्या दागिन्यांच्या पानावर आजीनं खाली तीन ओळी लिहिल्या आहेत. एक ओळ, आले: लगड ५ तोळे २ मासे, नथ एक. दुसरी, तूट: ६ तोळे १० मासे. या दोन्ही १९७१ च्या शाईतल्या. त्यांच्याही वर, फिकट, आधीच्या शाईत एक ओळ आहे: नाईकांकडून शेळी एक, पोचली.

शेळी तर तिनं त्याच दुपारी परत दिली होती. तिनं 'परत' असं लिहिलेलं नाही.